अर्ध्या मिलिमीटरने नापास

सरकारी दवाखान्यात दात फुकट सरळ करून मिळतात, पण आधी ते पुरेसे वाकडे आहेत असं ठरावं लागतं. आमची भिंगरी त्या परीक्षेत अर्ध्या मिलिमीटरने नापास झाली. पुढचे दात किती बाहेर आलेत ते तिथे पट्टीने मोजतात. आमचे हे पडले सुतार. "परत मोजा," म्हणाले. परत मोजलं. "माझी पट्टी आणू का?" म्हणाले. तेव्हा मी ह्यांना दंडाला धरून बाहेर आणलं.

भिंगरी चौदा वर्षांची. लहानपणी एका जागी ठरायची नाही, म्हणून हे नाव पडलं. गेल्या वर्षभरात मात्र पोरीचं हसणंच आटलं होतं. हसू आलंच तर आधी तोंडावर हात. वर्गाच्या फोटोत तर ओठ घट्ट मिटून अशी उभी, जशी काही शिक्षाच झालीय. तो फोटो पाहिला की माझा जीव तुटायचा.

उरला खासगी दवाखाना. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दातांचं माप घेतलं, तारा दोन वर्षं ठेवाव्या लागतील म्हणाल्या आणि खर्च सांगितला. ह्यांची दातखीळच बसली. पैसे नव्हते असं नाही, पण ते रंध्याच्या मशीनसाठी ठेवलेले. इतकी वर्षं हातानेच रंधा मारून ह्यांचा खांदा कामातून गेलाय. शेजारी बसून पॉलिश मीच करते, त्यामुळे मला सगळं दिसतं. संध्याकाळी चहाचा कपसुद्धा हे डाव्या हाताने उचलतात.

"विचार करून सांगा," म्हणत बाईंनी भिंगरीच्या दातांचा प्लॅस्टरचा नमुना आमच्या हातात ठेवला. घरी येताच भिंगरीने जाहीर केलं, "मला नकोच तारा. तोंडात लोखंडाचं दुकान घेऊन कोण फिरणार? मशीन घ्या तुम्ही."

इतक्या पटकन म्हणाली की मला संशय आला. हे मात्र खूश. "बघ, तीच नको म्हणतेय." ह्यांना लाकडातली गाठ वरून कळते, पोरीच्या मनातली सांगावी लागते.

दोन दिवस ते दात आमच्या दुकानातल्या फळीवर पडून होते. तिसऱ्या दिवशी दुपारी बघते, तर जेवणाचा डबा तसाच आणि हे बारीक करवतीने एकेक दात कापतायत.

"अहो, हे काय चाललंय?"

"समोर वाकडं दिसत असलं की मला घास उतरत नाही."

कापले, कानशीने घासले, गोंदाने चिकटवले. दोन तासांत ओळ अशी सरळ, की मीही बघत राहिले.

संध्याकाळी ह्यांनी ते भिंगरीपुढे ठेवले. तिने उचलले, एकेका दातावरून बोट फिरवलं. मग अगदी हळू विचारलं, "माझे असे होतील?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "मशीनला कुठे वर्गाच्या फोटोत उभं राहायचंय? उद्याच जाऊ."

दुसऱ्या दिवशी हे कॉलर ताठ करून डॉक्टरीणबाईंसमोर बसले. "मला दोन तास लागले. तुम्हाला दोन वर्षं कशाला?"

बाईंनी नमुना उजेडात धरून निरखला. "काम सुरेख आहे. पण हा सुळा तुम्ही घासून अर्धा केलाय. आणि इथली एक दाढ कुठे गेली?"

हे खिसे चाचपू लागले. शर्टाच्या खिशातून दाढ निघाली. "जागा पुरत नव्हती," म्हणाले.

"मला मात्र सगळे दात आहेत तसे ठेवून जागा करायचीय," बाई म्हणाल्या. "म्हणून दोन वर्षं." ह्यांना ते पटलं. घाईचं काम हे स्वतःही कधी घेत नाहीत.

आठवड्याने तारा बसल्या. भिंगरी बाहेर आली ती ओठ फुगवून, डोळ्यांत पाणी. मला वाटलं, चुकलंच आपलं. हे मात्र भर रस्त्यात वाकून तिच्या तोंडात डोकावले. "एकही खिळा नाही," म्हणाले. "नुसती तार आणि चिकटवण. पण जोड काय घेतलाय बाईंनी, वा."

"बाबा, लोक बघतायत," भिंगरी म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. खळखळून, तोंड उघडं टाकून, दोन्ही हातांनी बाबांचा दुखरा खांदा धरून हसत राहिली. माझेच डोळे भरून आले. दात तर अजून कालच्याइतकेच वाकडे होते.