परक्या बंदरातला वारा

माझ्या नातीचे उत्तर भर वर्गात चुकीचे ठरले, आणि तेही माझ्या शब्दामुळे, ही बातमी अलकाने मला दुपारच्या चहाबरोबर दिली. दूध नासल्याचे सांगावे, तशा आवाजात. अलका माझी सून. तिला कोणतीही गोष्ट ठणकावून सांगता येत नाही.

"कोण म्हणालं चुकीचं?" मी विचारले.

"चारुलता मॅडम, आई. रागाने नाही हो. समजावूनच सांगितलं त्यांनी."

"मग मुलगी न जेवता का झोपली?"



माझा मुलगा गजानन केंद्र सरकारच्या नोकरीत आहे. जयपूरच्या झालाना भागात त्याचे कार्यालय, तिथेच मालवीय नगरात आमचे बिऱ्हाड. उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या वसाहतीच्या सभागृहात मुलांसाठी शिबिर भरते. यंदा विषय होता हवा आणि पाणी. नऊ वर्षांची मैथिली रोज सकाळी पाण्याची बाटली आणि रंगपेटी घेऊन जाई आणि दुपारी येऊन मला पाणचक्क्यांची, पतंगांची चित्रे दाखवी. मीही तिला शिकवत असे. माठाला ओले फडके गुंडाळून तो वाऱ्याच्या तोंडी का ठेवायचा, डाळ पाखडताना सूप कोणत्या बाजूला कलते करायचे, कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांतून गरम वारा शिरतो आणि गार होऊन बाहेर का पडतो. पुस्तकात हे नसते. आमच्या घरात होते.

कारण मी तांडेलाची मुलगी आहे. माझे वडील दाभोळच्या खाडीतून शिडाच्या मचव्यावर कौले भरून मुंबईला नेत. वाऱ्याला विचारल्यावाचून त्यांनी कधी नांगर उचलला नाही. पश्चिमेचा वारा समुद्रावरून येतो आणि पाऊस आणतो. पूर्वेचा मतलई वारा जमिनीवरून येतो आणि कोरडा असतो. हे मला अक्षरओळख होण्याआधी ठाऊक होते आणि तेच मी मैथिलीला सांगितले होते. तिने ते वर्गात सांगितले. मॅडम म्हणाल्या, "नाही बेटा, इकडे पाऊस पुरवाई आणते, पूर्वेचा वारा." मागच्या मुलांनी हसून विचारले, "तेरी दादी का मौसम महाराष्ट्र में रह गया क्या?"

मी चहा तसाच ठेवला, लुगडे बदलले आणि छत्री घेऊन सभागृहाकडे निघाले.

चारुलता तिशीची, सुती साडीतली, हसऱ्या चेहऱ्याची बाई होती. खुर्च्या रचत होती. मला पाहून तिने नमस्कार केला. मी केला नाही.

"तुम्ही माझ्या नातीला खोटं पाडलंत," मी म्हणाले. माझी हिंदी सरळ आहे. तिच्यात गोडवा घालायला मी कधी शिकले नाही.

"खोटं नाही, माताजी. तिचं उत्तर तुमच्या गावासाठी बरोबर आहे. इथे नाही."

"वारा गाव बघून वाहतो?"

"एक सांगता? इथून पश्चिमेला गेलं तर काय लागतं?"

"समुद्र."

"समुद्राच्या आधी?"

समुद्राच्या आधी काय लागते ते मला ठाऊक होते. गजाननने मला जैसलमेरला नेऊन उंटावर बसवले होते, कंबर महिनाभर धरली होती. पण एका परक्या बाईपुढे मी माझ्या तोंडून वाळवंटाचे नाव घ्यावे, हे शक्य नव्हते.

"आधी काय लागतं याच्याशी मला कर्तव्य नाही," मी म्हणाले. "माझ्या वडिलांचा मचवा वाऱ्याने कधी फसवला नाही. उद्या मुलांसमोर तुम्ही सांगायचं, की मैथिलीचं बरोबर होतं."

"ते कसं सांगू, माताजी? मुलं उद्या परवा आभाळाकडे बघतीलच ना."

ती अजूनही हसत होती. माझ्या संतापाला त्या हसण्याने जेवढे तेल मिळाले, तेवढे त्या पोरांच्या टवाळीनेही मिळाले नव्हते.

त्या दिवसांत आमच्या गच्चीवर आंबापोळी वाळत होती. ती साधी आंबापोळी नव्हती. आमच्या माहेरच्या परसात वडिलांनी लावलेला रायवळ आंबा होता. यंदा रस्ता रुंद करायचा म्हणून तो तोडला. तोडण्याआधी माझ्या भावाने, बापूने, जेवढी फळे उतरवता आली तेवढी उतरवली आणि ओळखीच्या माणसाबरोबर एक पेटी मला जयपूरला पाठवली. फोनवर एवढेच म्हणाला, "इंदू, ही शेवटची. खाऊन संपवू नकोस. पोळी घाल, वर्ष-दोन वर्ष तरी पुरेल."

मी रस काढला, बेताची साखर घातली, घरातल्या यच्चयावत ताटांना तूप लावले आणि थरावर थर घालत गेले. धूळ बसू नये म्हणून वर मलमल. या शहराच्या वाऱ्यात दुसरे कोणतेही सौजन्य नाही, पण ओले वाळवण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. आता शेवटचा थर तेवढा वाळायचा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर गेले, तर वारा फिरला होता. रोजची भाजणारी लू थांबली होती आणि पूर्वेकडून मऊ झुळूक येत होती. मी मैथिलीला हाक मारून वर बोलावले.

"बोट ओलं कर. वर धर. कुठली बाजू गार लागते?"

"सूर्याची."

"म्हणजे पूर्व. म्हणजे मतलई. म्हणजे कोरडा. ताटं आज इथेच राहतील आणि संध्याकाळी तुला पोळी सुटलेली दाखवीन. मग तुझ्या त्या मॅडमला एक तुकडा नेऊन दे."

मुलगी बोट तसेच वर धरून उभी राहिली. "आजी, पण ही तर पुरवाई आहे. मतलब, मॅडम म्हणाल्या की..."

"मॅडमने कधी मचवा पाहिलाय?"

"नाही."

"मग विषय संपला."

दुपारी जेवण करून मी आडवी झाले. जाग आली ती भांड्यांच्या आवाजाने. जिन्यात येऊन पाहते, तर अलका आणि मैथिली दोघी चोरासारख्या पावलांनी माझी ताटे खाली आणत होत्या. निम्मी ताटे जिन्याच्या पायऱ्यांवर मांडलेली होती.

"हे कोणाच्या हुकमाने?" मी विचारले.

अलका भिंतीला टेकली. "आई, आभाळ भरून आलंय. मैथिलीच म्हणाली, म्हणून..."

"या घरात वाळवण कधी घालायचं आणि कधी काढायचं, हे नऊ वर्षांची मुलगी ठरवणार? आणि तू, माझी सून म्हणवतेस, तिच्या मागून ताटं वाहणार? पूर्वेचा वारा आहे. ओलसर पोळी घरात कोंडलीत तर तिला बुरशी येईल. माझ्या वडिलांच्या झाडाचा शेवटचा रस आहे तो. सगळी ताटं वर ठेवा."

अलकाने हातातले ताट उचलून परत वळवले. मैथिली हलली नाही. ती पायरीवर बसली, एक ताट मांडीवर घेतले, दुसऱ्यावर हात ठेवला.

"मैथिली."

"मी नाही देणार."

"काय म्हणालीस?"

"तूच सांगितलंस, आजी. तुझे बाबा परक्या बंदरात गेले की आधी तिथल्या माणसाला वारा विचारायचे. तू विचारलंस का कोणाला?"

"हे बंदर आहे?"

"परकं तर आहे ना. तूच रोज म्हणतेस."

माझ्या घरात मला असे कोणी बोललेले नव्हते. गजाननचे वडीलसुद्धा नाहीत. माझा हात उठला होता, हे मी लपवत नाही. मुलीने तो पाहिला आणि तरी ताट सोडले नाही. मग मी तो हात खाली आणला आणि दुसऱ्या पायरीवरची ताटे उचलली. अलका आडवी आली, "आई, तुमचे गुडघे," म्हणाली. मी तिला बाजूला सारले आणि एकामागून एक ताटे पुन्हा गच्चीवर नेऊन मांडली. मैथिलीपाशी होती तेवढी राहिली. मांडीवरचे, हाताखालचे आणि मागे लपवलेली परात. तिच्या हातून ओढून घेणे मला शोभले नसते.

शेवटच्या ताटावर मलमल सारखी करत असताना माझ्या मनगटावर पहिला थेंब पडला.

इकडच्या पावसाला चाहूल देण्याची रीत नाही. मलमल उडाली, लाल धुळीचा एक लोट आला आणि त्यामागून पाणी. दोन्ही हातांत मावतील तेवढी ताटे घेऊन मी जिन्यापर्यंत आले, तोवर त्यांतला रस पातळ होऊन माझ्या पदरावर ओघळला होता. अलका धावत वर आली. दोघींनी मिळून जी आणली, ती आणून काही उपयोग नव्हता. वरचा थर चिखल झाला होता, खालचे थर तळ सोडून तरंगत होते.

मी स्वयंपाकघरात पाटावर बसले. लुगड्यातून पाणी निथळत होते आणि त्या पाण्याला आंब्याचा वास येत होता.  

"बोला की," मी म्हणाले. "आता का गप्प? म्हणा, म्हातारीने स्वतःच्या हाताने बापाचं झाड बुडवलं."

अलकाने मान खाली घातली. मैथिलीने टॉवेल आणला, माझ्या खांद्यावर टाकला आणि आपली कोरडी ताटे फडताळात, मुंग्या लागणार नाहीत अशी, पाण्याच्या थाळ्यांत वाट्या उपड्या ठेवून त्यांवर एकेक करून मांडली. हे तिला मीच शिकवले होते.

रात्री बापूचा फोन आला. "पोळी सुटली का गं?"

"सुटेल," मी म्हणाले आणि फोन गजाननकडे दिला.

सकाळी आभाळ घासल्यासारखे स्वच्छ होते. मैथिलीने वाचवलेली ताटे मी फडताळातून काढली, जिन्याच्या तळाशी आणली आणि तिला हाक मारली. ती डोळे चोळत आली.

"वर जा. वारा कुठून आहे ते बघून ये."

ती माझ्याकडे पाहत राहिली.

"पाहतेस काय? जा."

ती वर गेली. मी ताट धरून उभी राहिले, आणि एवढा वेळ मी आयुष्यात कोणासाठी उभी राहिलेली नाही. ती कठड्यावरून वाकली.

"पश्चिमेचा, आजी. गरम आहे. लू."

"नीट बघितलंस?"

"दोन्ही बोटांनी."

"मग वाळेल?"

"इथे वाळेल."

'इथे' या शब्दावर तिने दिलेला जोर मला कळला. मी तो ऐकून घेतला.

"ये, उचल ही ताटं," मी म्हणाले. "मग आंघोळ करून तयार हो. मी येतेय तुझ्याबरोबर शिबिराला. काल पुरवाई कोणी ओळखली, ते त्या बाईला मी माझ्या तोंडाने सांगणार आहे. आणि हसणारी ती पोरं कुठली, ती मला दाखव. माझं त्यांच्याशी काम आहे."