पहिला फोटो कार्डाचा

मुलीने भिंत ठरवली होती, खिळाही ठोकून घेतला होता. फक्त तिच्या आईचा मोठा फोटो यायचा होता, आणि तो देणार होतो मी, बत्तीस वर्षं फोटोग्राफीवर घर चालवलेला तिचा बाप. बायको जाऊन अकरा महिने झाले होते. तिचे शेवटच्या चार वर्षांतले फोटो मीच काढलेले, कॉम्प्युटरवर बसून त्यांचे रंगही मीच दुरुस्त केलेले. त्यातले बारा निवडून मुलीला पाठवले आणि कौतुकाच्या फोनची वाट बघत बसलो.

फोन आला. ती म्हणाली, "बाबा, सगळ्या फोटोंत आई निळी दिसतेय."

मला राग यायला फारसं निमित्त लागत नाही. तुझा मोबाइल बिघडलाय, म्हणालो. लॅपटॉपवरही तसंच दिसतंय म्हणाली. मग घरातले दिवे बदल, म्हणालो. तिने नवऱ्याला दाखवले, शेजारणीला दाखवले, आणि ती शेजारीण म्हणे, फार थंडीत काढलेत का हो फोटो? त्या बाईला मी ओळखतही नाही, तरी आठवडाभर मनातल्या मनात तिच्याशी भांडत होतो.

पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. रंग हा माझा प्रांत. प्रत्येक उजेडाला स्वतःचा रंग असतो. बल्बखाली पांढरा शर्ट पिवळा होतो, ढगाळ दुपारी तोच निळसर. माणसाला ते जाणवत नाही, कॅमेऱ्याला मात्र सांगावं लागतं, की बाबा रे, हे पांढरं आहे, बाकीचे रंग यावरून लाव. त्यासाठी लोक राखाडी कार्ड वापरतात. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा, ना निळा ना पिवळा, नुसता राखाडी. पहिल्या फोटोत ते कुणाच्या तरी हातात द्यायचं, नंतर कॉम्प्युटरवर त्या कार्डावर एक क्लिक केलं की सगळे रंग आपापल्या जागी जातात. मी या कार्डाला कुबडी म्हणायचो. ज्याला नजर नाही त्याने वापरावं. मी सगळं डोळ्यांनी करायचो आणि त्याचा मला माज होता, आता लपवून काय उपयोग.

शेवटी मुलगी मला ओढतच डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी दोन्ही डोळ्यांत बॅटरी मारली आणि विचारलं, इतकी वर्षं काय करत होता? दोन्हीकडे मोतीबिंदू, पिकून तपकिरी झालेला. म्हणजे चार-पाच वर्षं मी जग पिवळ्या काचेतून बघत होतो. प्रत्येक फोटो मला पिवळा दिसायचा आणि तो पिवळेपणा मारायला मी त्यात निळा ओतत बसायचो.

आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डाव्याचं महिन्याने करायचं ठरलं. आणि माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा गोंधळ सुरू झाला.

उजव्या डोळ्याने दूध पांढरं, डाव्याने चहा पडल्यासारखं. उजव्याने न्हाणीघरातल्या फरशा निळसर, डाव्याने जुनाट पिवळ्या. दोन्ही उघडे ठेवले की दोघांच्या मधलं काहीतरी, ज्याला नावच नाही. दिवसभर मी एक डोळा मिटून दुसऱ्याने आणि दुसरा मिटून पहिल्याने बघत फिरायचो. किराणावालीने मुलीला सांगितलं की बाबांना जरा समजवा, या वयात शोभत नाही.

मग मी कपाटातून बायकोची शाल काढली. या शालीवरून आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं. ती दुकानातून आली आणि म्हणाली, बघा, केवढा सुंदर जांभळा रंग. मी म्हणालो, तपकिरी कशाला आणलीस म्हातारीसारखी? ती म्हणाली, अहो, जांभळी आहे. मी म्हणालो, रंग तू मला शिकवणार? फोटोतली माणसंही तुमची हल्ली निळी दिसतात, असं ती हळूच म्हणाली. त्यावर मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. 

आता शाल उजव्या डोळ्याने जांभळी होती आणि डाव्याने तपकिरी.

मी कॉम्प्युटरवर बसलो. उजव्या डोळ्याने तिचा चेहरा नीट करायचा आणि डावा उघडला की ती कावीळ झाल्यासारखी. पुन्हा करायचं. दहा मिनिटं बघितलं की उजवा डोळासुद्धा डळमळायचा. डॉक्टरीणबाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, सुरुवातीला सगळं थोडं निळसर वाटतं, महिन्याभरात सवय होईल. मी विचारलं, म्हणजे आत्ता दिसतंय ते खरं की महिन्याने दिसेल ते? त्या म्हणाल्या, दोन्ही खरंच. या उत्तराने माझं होतं नव्हतं ते डोकंही गेलं. जिच्याबरोबर सदतीस वर्षं काढली तिच्या गालाचा रंग मला आठवत नव्हता. जो आठवत होता तो माझ्या मोतीबिंदूचा होता. मला घाबरायला झालं.

निळा ओतण्याआधीचे मूळ फोटो असते तर काहीतरी करता आलं असतं. पण जागा अडते म्हणून मी मूळ फोटो ठेवतच नसे. तरी शोधत गेलो आणि शोधता शोधता 'टाकाऊ' नावाचं फोल्डर उघडलं.

त्यात ती होती. एकदा नाही, दीडशे वेळा. प्रत्येक फोटोत हातात ते राखाडी कार्ड, हनुवटीखाली धरलेलं. ते कार्ड माझ्या ड्रॉवरच्या तळाशी पडलेलं होतं आणि शालीच्या भांडणानंतर कधीतरी तिनेच शोधून काढलं होतं. तेव्हापासून कॅमेरा उचलला की ही कार्ड घेऊन हजर. कामावर माझ्याबरोबर आली तरी, घरात नातीचे फोटो काढायचे असले तरी. "आधी कार्डाचा काढा," म्हणायची. मी वैतागायचो. तिचं तोंड बंद करायला एक क्लिक करायचो आणि नंतर न बघता टाकाऊमध्ये लोटायचो; ते फोल्डर रिकामं करायचं राहूनच गेलं होतं. त्यामुळेच त्या फोटोंना माझा हात लागला नव्हता.

एक फोटो उघडला. खिडकीजवळ, खांद्यावर शाल, एक भुवई वर, चेहऱ्यावर 'झालं का' असा भाव. मी रंग उचलायचा ड्रॉपर स्क्रीनवरच्या कार्डावर नेला. दोन्ही डोळे मिटले, कारण त्या दोघांचंही मत मला नको होतं. आणि क्लिक केलं.

डोळे उघडले तेव्हा शाल जांभळी होती. कपाटातून काढलेली आणून स्क्रीनला लावली, रंग तंतोतंत जुळला. तिचा चेहरा सावळा होता, गालांवर तांबूस. मी तिला चार वर्षं गोरी-निळी करत होतो आणि वर म्हणत होतो, बघ किती छान आलीयेस.

मुलीला फोन करून सांगितलं की आई सापडली, पण प्रत्येक फोटोत ते कार्ड आहे. 

ती म्हणाली, "बाबा, आईला कळलं होतं. मला म्हणाली, दोनदा सांगून बघितलं, अंगावर येतात. आता नाही सांगत. निदान एक फोटो कार्डाचा काढून घेते, कधी ना कधी डोळे दाखवतील, तेव्हा लागेल."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तिला ओरडलात, मला सोडलं असतंत?"



फोटो मोठा करून घेतला. कार्ड कापून टाकूया का, असं जावयाने विचारलं. मी नाही म्हणालो आणि फोटो तसाच फ्रेममध्ये घातला. त्याने मग खिळ्यावर फ्रेम लावली, वाकडी लावली, मी ती सरळ केली. मुलगी आईकडे बघत माझ्या शेजारी उभी राहिली.

मी उजवा डोळा हाताने झाकला. डाव्या डोळ्यासमोर ती पुन्हा पिवळी झाली, शाल पुन्हा तपकिरी, भांडणाच्या दिवशी होती तशीच. मी तो डोळा उघडाच ठेवला.

"जांभळी आहे," मी म्हणालो.

"काय?" मुलीने विचारलं.

"शाल," मी म्हणालो. "जांभळीच आहे."