पलीकडचं झडप

“ताई, हे झडप आधी उघडलं तरच पलीकडचं उघडतं. कडी लावून बसू नका,” सुतार जाताजाता म्हणाला होता. बाळाच्या आईने नुसतं “हो हो” केलं आणि ती दुपट्यांच्या घड्या घालायला बसली.

मित्रांनो, मी एक जुनी खिडकी आहे. दोन झडपांची, सागवानी. पाऊस आत येऊ नये म्हणून माझ्या एका झडपाची पट्टी दुसऱ्यावर घट्ट बसते. या पट्टीचं पूर्वी फार कौतुक व्हायचं. तेव्हा खोली एक होती आणि मीही एक होते.

मग मालकाने खोलीत प्लायवूड ठोकलं, अगदी माझ्या मधोमध. दोन्ही तुकडे त्याने ‘खिडकीची खोली’ म्हणूनच भाड्याने दिले. खोटं तरी कसं म्हणणार? अलीकडे बाळ आणि त्याची आई आली, पलीकडे शिलाईकाम करणारी मावशी. एकटी, त्यात दमेकरी. कडी मात्र अलीकडेच राहिली.

सुरुवातीला बरं चाललं. सकाळी आई कडी काढायची, मागोमाग मावशी आपलं झडप ढकलायची. चिंध्यांचं टोपडं शिवून तिने माझ्यातूनच हात वळवून बाळाला दिलं. पुढे खाली गॅरेज आलं, धूर वर येऊ लागला आणि बाळाची छाती भरली. आईने मला बंद करून फटींत फडकी कोंबली.

मावशी प्लायवूडवर बोटाने टकटक करायची. आई घटकाभर उघडायची, बाळ खोकलं की पुन्हा लावायची. होता होता तिला टकटक ऐकू येईनाशी झाली, किंवा तिने तसं ठरवलं. एकदा मावशी करवादली, “तुझ्या लेकराचा तेवढा श्वास, आणि माझा काय भाता आहे?” आई बाळाला उराशी धरून रडत राहिली.

शेवटी दोघींनी मालकाला गाठलं. तो म्हणाला, “खिडकी दोघींची आहे. तुमचं तुम्ही मिटवा.”

कोंदट खोलीत दुपटी वाळेनात, बाळाचा खोकला हटेना. डॉक्टरांनी खोलीला खिडकी आहे का विचारलं, तेव्हा आपण ‘आहे’ म्हणालो, असं ती फोनवर आपल्या आईला सांगत होती. परवा ती बाळाला घेऊन माहेरी गेली. जाताना गॅस पुन्हा पुन्हा तपासला. माझी कडीही तपासली. नीट लागलेली होती.

ती गेल्यावर पलीकडून झडप ढकललं गेलं, जोरात. मग टकटक झाली, या रिकाम्या खोलीत. आज ऊन मला भाजून काढतंय, आणि सकाळपासून शिलाई मशीनचा आवाज नाही.

मित्रांनो, मला रंग द्या, तेलपाणी करा, असं मी सांगणार होते. ते राहू द्या. कुणीतरी वर या. कुलूप लावलेल्या दाराच्या शेजारचं दार वाजवा. मावशीला उठायला वेळ लागतो, लगेच परत फिरू नका.