चोपन्न सालची वही

हेल्माबाईंनी आपल्या मरणाचा दिवस ठरवला होता. वीस जून, गुरुवार, दुपारी दोन वाजता. नेदरलँड्समध्ये कायद्यानं तसं करता येतं. स्वादुपिंडाचा कॅन्सर यकृतात उतरला होता, दोन डॉक्टर वेगवेगळे येऊन त्यांच्याशी बोलून गेले होते, कागदपत्रं झाली होती. त्यांचा हाउसआर्ट्स, म्हणजे नेहमीचा फॅमिली डॉक्टर, त्या दिवशी घरी येऊन इंजेक्शन देणार होता. सोमवारी सकाळी त्यांनी इरावतीला हे सगळं फोनवर सांगितलं, तेही प्लंबर कधी येणार आहे हे सांगावं तशा सुरात.

"म्हणून विचारते," त्या म्हणाल्या, "बाबांची चोपन्न सालची वही वाचून झाली का?"

इरावती लायब्ररीच्या तळघरात उभी होती. ती वही तिनं मार्चमध्येच वाचली होती.

इरावती मूळची पुण्याची. भाषाशास्त्र शिकायला उट्रेख्टला आली आणि हौसेपोटी वेल्श शिकली. घरच्यांनी कपाळाला हात लावला होता. जर्मन नाही, फ्रेंच नाही, आणि ही कुठली भाषा काढलीस? पुढं दहा वर्षं त्या भाषेवाचून कुणाचंच काही अडलं नाही. मग विद्यापीठाच्या लायब्ररीकडे वेल्श कागदांची चार खोकी आली. ती वाचू शकणारं माणूस हवं होतं, म्हणून इरावतीला वर्षभराचं कंत्राट मिळालं. नवरा अभिराम फेल्डहोवनला चिप बनवणाऱ्या मशीनच्या कंपनीत होता, मुलगी शिवांगी तिथल्याच शाळेत. इरावती रोज ट्रेननं ये-जा करायची.

खोक्यांत पाटीच्या दगडाच्या खाणीत राबणाऱ्या एका माणसानं काळ्या शाईत लिहिलेली भजनं होती, घरून आलेली पत्रं होती आणि त्या खाणकामगाराच्या नातवाच्या, ईव्हान प्रिचर्डच्या, चव्वेचाळीस वह्या होत्या. वर्षाला एक. ईव्हान वेल्श सैनिक. चव्वेचाळीस सालच्या शरदात ब्रिटिश फौजेबरोबर या भागात आला, आइंडहोवनजवळच्या न्यूनेन गावातल्या एका मुलीवर त्याचा जीव जडला आणि युद्ध संपल्यावर तो परत येऊन इथलाच झाला. आइंडहोवनला दिव्यांच्या कारखान्यात नोकरी, घरामागं कोबी-बटाट्याची बाग. हेल्माबाई त्याची मुलगी.

गेल्या नोव्हेंबरात खोकी घेऊन त्या स्वतः आल्या होत्या. वय शहात्तर, पाठ ताठ, आवाज कोरडा. कॉफी पिता पिता त्यांनी इरावतीला सांगितलं, की चोपन्न सालच्या मे महिन्यात त्यांचा तीन वर्षांचा भाऊ ग्विलिम बागेच्या फाटकातून बाहेर गेला आणि मागच्या ओढ्यात बुडाला. बागेतून शेवटी घरात आली ती सहा वर्षांची हेल्मा.

"फाटक तू लावलं नाहीस, असं बाबा म्हणाले. शेजारी होते, पाद्री होते, सगळ्यांसमोर म्हणाले. मला आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. पण ते म्हणाले म्हणजे खरंच असणार." त्यांनी कप बशीत ठेवला. "मी लग्न केलं नाही. आपल्या हातून मूल सांभाळलं जाणार नाही, असं मीच ठरवून टाकलं. पोस्टात नोकरी केली. बाबांनी ग्विलबद्दल काही लिहिलं असेल तर मला सांग. काहीही असो."

इरावतीनं कबूल केलं होतं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ते पान निघालं. अपघातानंतर आठ दिवसांनी लिहिलेलं, अक्षर नेहमीपेक्षा बारीक. पहिलंच वाक्य इरावतीनं पुन्हा वाचलं. वेल्शमध्ये क्रियापद आधी येतं, पण ज्या शब्दावर जोर द्यायचा तो उचलून सगळ्यात पुढं ठेवतात. ईव्हाननं 'मी' पुढं ठेवला होता. मराठीत 'च' लावतो तसा. मीच फाटक उघडं टाकलं.

पुढं त्यानं काही झाकलं नव्हतं. खताची हातगाडी आत आणली, दुसरी खेप आणायची म्हणून फाटक तसंच ठेवलं आणि शेजाऱ्याकडे सिगारेट ओढत बसलो. हेल्मा घरात गेली तेव्हा ते उघडंच होतं. सगळे विचारत होते, कोणी, कोणी. पोर समोर उभी होती. माझ्या तोंडून तिचं नाव निघून गेलं. आता ते परत घेता येत नाही.

पंचावन्नच्या वहीत एका ओळीत तिचा उल्लेख होता. हेल्मा फार शहाणी झाली आहे. न सांगता घरातली सगळी दारं लावते.

इरावती ते घेऊन विभागप्रमुखाकडे, योस्टकडे गेली. योस्ट सज्जन माणूस, पण जन्मभर कागदांत काढलेला. "आपलं काम नोंद करण्याचं," तो म्हणाला. "सांगत फिरण्याचं नाही. बाई आजारी आहेत म्हणतेस. 'कौटुंबिक बाबी' असं लिही आणि पुढं चल." हे ऐकून इरावतीला सुटल्यासारखं वाटलं होतं, हे तिला नंतर पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. त्याच आठवड्यात हेल्माबाईंचा फोन आला. "पोचलीस का चोपन्नपर्यंत?" इरावती म्हणाली, "अजून नाही." एप्रिलमध्ये परत फोन आला. तेव्हाही तेच. मे महिन्यात त्यांनी फोन केलाच नाही, आणि मनातल्या मनात तिनं त्याबद्दल देवाचे आभार मानले.

आता जून होता.

"हो," ती म्हणाली. "वाचून झाली."

"मग उद्या ये."

त्या संध्याकाळी शिवांगी जिन्याच्या पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होती. जीभ ओठांत धरून, दोनदा चुकून, तिसऱ्यांदा जमवत. तिचं सहावं वर्ष चालू होतं. इरावती तिच्याकडे बघत राहिली. एवढीशी. एवढ्याशा जिवावर एका मरणाचा भार टाकून तो माणूस छत्तीस वर्षं कोबी लावत राहिला.

मंगळवारी ती पानांच्या प्रती घेऊन आइंडहोवनहून बसनं न्यूनेनला गेली. पुढच्या खोलीत खिडकीशी पलंग लावला होता. हेल्माबाई अर्ध्या झाल्या होत्या. कातडी हळदीसारखी पिवळी, डोळे मात्र तसेच. नर्स स्वयंपाकघरात गेली.

"पाणी वगैरे नको विचारूस," त्या म्हणाल्या. "वाच."

इरावतीनं आधी वेल्श वाचलं, मग एकेका वाक्याचं डच सांगत गेली. पहिल्या वाक्याला ती थांबली आणि दोनदा सांगितलं, कारण डचमध्ये तो जोर नीट येईना. "म्हणजे मीच. दुसरं कोणी नाही, मी."

"कळलं मला."

सगळं वाचून झाल्यावर हेल्माबाईंनी मान खिडकीकडे वळवली. रस्त्यावरून शाळा सुटलेली मुलं सायकलींवरून ओरडत गेली.

"लहानपणी ते माझ्याशी त्या भाषेत बोलायचे," शेवटी त्या म्हणाल्या. "ग्विल गेल्यावर बोलणं बंद केलं. मला वाटायचं, माझा राग आला म्हणून. राग कसला! मला त्यांच्या वह्या वाचता येऊ नयेत म्हणून." त्यांनी इरावतीकडे मान वळवली. "तू हे कधी वाचलंस?"

खोटं बोलायला जागा होती. काल वाचलं, परवा वाचलं, काहीही खपलं असतं.

"मार्चमध्ये," इरावती म्हणाली.

"मी फोन केला त्याच्या आधी?"

"हो."

हेल्माबाई तिच्याकडे बघत राहिल्या. "तूसुद्धा," त्या म्हणाल्या.

इरावतीला वाटलं, आता आपल्याला जायला सांगतील. ती कागद गोळा करायला लागली तसा त्यांनी हात वर केला. "बस. तो फोन दे इकडे. डॉक्टरला सांगते, गुरुवारी येऊ नकोस."

"का?"

"सत्तर वर्षं भावाला मारणारी म्हणून जगले. थोडे दिवस तसं न जगता बघू दे."

डॉक्टर धावत आला. दुखणं झपाट्यानं वाढेल, त्यानं समजावलं. मॉर्फिन वाढवावं लागेल, त्यामुळं डोकं जागेवर राहीलच असं नाही. आणि इंजेक्शनच्या वेळी शुद्धीत राहून तुम्हीच मला 'हो' म्हणायला हवं, तुमच्या वतीनं दुसरं कोणी म्हणू शकत नाही. हेल्माबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि नवी तारीख दिली, अठ्ठावीस. आठ दिवस.

इरावतीनं योस्टला काही न विचारता रजा टाकली आणि रोज न्यूनेनला जायला लागली. त्या पानाचं डच भाषांतर तिनं टाइप करून आणलं, त्याखाली हेल्माबाईंनी सही केली. मग औषधाच्या पाकिटाच्या पाठीवर त्यांनी नऊ नावं लिहून काढली. मावस-चुलत भावंडं, शेजारच्या घरातली मुलं, शाळेतल्या मैत्रिणी. त्या वेळी जे जे अंगणात उभे होते, किंवा ज्यांना घरी जाऊन सांगितलं गेलं होतं, ते सगळे.

"यांना कळलं पाहिजे," त्या म्हणाल्या.

इरावतीनं नंबर शोधले. नऊपैकी सहाजण वारले होते. सातवी बाई वृद्धाश्रमात होती, तिला स्वतःचं नावही सांगता येत नव्हतं. आठव्याला वाटलं, फोनवरून काहीतरी विकताहेत, त्यानं मधेच फोन ठेवला. परत लावला तर उचलला नाही. राहिला तो हेलमंडचा चुलतभाऊ टोन, वय ब्याऐंशी. त्यानं हेल्माबाईंचा आवाज ओळखला, तब्येतीची चौकशी केली. त्यांनी उशीवरून मान उचलून, दम घेत घेत, त्याला सगळं सांगितलं. फोनचा आवाज मोठा होता, इरावतीला त्याचं उत्तर ऐकू आलं.

"कसलं फाटक, हेल्मा? ग्विल ना? तो धाकटा? तो न्यूमोनियानं गेला ना?"

त्यांनी त्याला पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, असेल बाई, एवढं जुनं कोणाला आठवतंय. आणि मग आपल्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल बोलत राहिला.

फोन ठेवल्यावर हेल्माबाई हसल्या की काय, असं इरावतीला क्षणभर वाटलं. तो हुंदका होता. "कुणाच्याही लक्षात नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी रस्त्यानं जाताना मान खाली घालायचे. चर्चमध्ये मागं बसायचे. आणि कुणाच्याही लक्षात नव्हतं."

इरावतीनं त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही.

बुधवारी, सव्वीस तारखेला, त्यांचं बोलणं भरकटायला लागलं. गुरुवारी त्यांनी नर्सला आई म्हणून हाक मारली. शुक्रवारी दोन वाजता डॉक्टर बॅग घेऊन आला, पलंगाशी खुर्ची ओढून बसला आणि हलक्या आवाजात विचारलं, "प्रिचर्डबाई, मी कशासाठी आलोय ते ठाऊक आहे ना तुम्हाला?"

हेल्माबाईंनी त्याची बाही पकडली. "बाबा," त्या म्हणाल्या, "मी लावायला विसरले. माझंच चुकलं. परत नाही विसरणार."

डॉक्टरनं तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तेच उत्तर आलं. इरावती पुढं झाली, त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, तुम्ही नाही, तुमच्या बाबांनी, त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. त्या घाबरून तिच्याकडे बघत राहिल्या. ओळख नव्हतीच. डॉक्टर उठला, खिडकीशी जाऊन उभा राहिला आणि मग बॅग न उघडताच निघाला. त्याच्या हातात एवढंच होतं, की औषध वाढवून त्यांना गुंगीत ठेवायचं. पण ती गुंगीही त्यांना नीट लागेना. शनिवार-रविवार त्या कण्हत होत्या. सोमवारी पहाटे गेल्या.

क्रिमेटोरियममध्ये आठ माणसं होती. इथं कबरीची जागा ठरावीक वर्षांच्या भाड्यानं मिळते. ग्विलिमच्या कबरीची मुदत कधीच संपली होती, ती जागा पालिकेनं चाळीस वर्षांपूर्वीच दुसऱ्याला दिली होती. वडिलांच्या शेजारी नको, एवढं हेल्माबाई शुद्धीत असताना सांगून गेल्या होत्या. कॉफीच्या वेळी नर्स इरावतीजवळ आली. "वीस तारखेलाच गेल्या असत्या तर शांत गेल्या असत्या," ती म्हणाली. तिच्या स्वरात दोष नव्हता, आणि त्यामुळंच ते जास्त लागलं.

"मार्चमध्ये सांगितलं असतं तर तीन महिने मिळाले असते," इरावती परत येताना गाडीत अभिरामला म्हणाली. "तेव्हा त्या हिंडत-फिरत होत्या. टोनकडे स्वतः गेल्या असत्या. आठव्या माणसाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या असत्या. रडल्या असत्या, चिडल्या असत्या, आणि मग वीस तारखेला गेल्या असत्या."

"तुला कुठं माहीत होतं?" अभिराम म्हणाला.

"वहीत काय आहे ते मला मार्चपासून माहीत होतं. तेवढंच पुरेसं होतं."



सही केलेलं भाषांतर तिनं योस्टच्या टेबलावर ठेवलं. त्यानं ते उभ्यानं वाचलं, पहिल्या वाक्याशी थोडा रेंगाळला. मग स्वतःच्या हातानं त्यावर पेन्सिलीनं क्रमांक घातला आणि चोपन्नच्या वहीला लागून फोल्डरमध्ये ठेवलं. "तू नियमाप्रमाणंच वागली होतीस," तो म्हणाला. इरावती म्हणाली, हो. 'कौटुंबिक बाबी' हे शब्द तिनं कॅटलॉगमधून काढले आणि घडलं ते दोन ओळींत लिहिलं, नावांसकट. योस्टनं ते बदललं नाही.

उरलेल्या वह्यांची नोंद ऑगस्टअखेर संपली. पुढच्या वर्षासाठी दुसरी खोकी येणार होती, कंत्राट वाढवून देतो म्हणाले. तिनं नको म्हणून सांगितलं. घरी जेवताना तिनं ते अभिरामला सांगितलं, तेव्हा शिवांगीनं ताटातून मान वर करून डचमध्ये विचारलं, का म्हणून.

इरावतीनं मराठीत उत्तर दिलं. "एका आजींना एक गोष्ट सांगायची होती. मी ती फार उशिरा सांगितली."

"त्या रागावल्या?"

"हो."

"मग तू सॉरी म्हणालीस?"

इरावतीनं आठवून पाहिलं. एवढे दिवस ती रोज त्या पलंगाशी बसली होती, नंबर शोधले होते, पाणी पाजलं होतं, हात धरला होता.

"नाही," ती म्हणाली. "ते राहून गेलं."

शिवांगी वरणात भात कालवायला लागली.