मिथेनची झडप बंद होती

तीन वर्षं मी एका काचेच्या नळीपुढे बसून काढली. नळीत उत्प्रेरकाचे दाणे, बाहेरून तांब्याची जाळी, त्यावर हजारो व्होल्ट. मिथेन सोडायचा, आत जांभळा प्लाझ्मा पेटायचा आणि पलीकडे बर्फात ठेवलेल्या बाटलीत मिथेनॉल जमायचं. म्हणजे जमायला हवं होतं. मेलं थेंबभर जमेल तर शपथ!

गेल्या महिन्यात मात्र अचानक जमू लागलं. रोज. माझे मार्गदर्शक सर हरखले. शुक्रवारी निधी देणाऱ्या समितीपुढे हा आकडा ठेवला की माझी नोकरी आणखी दोन वर्षं पक्की, म्हणाले. मी लगेच आईला कळवून मोकळी झाले. नको तिथे घाई, दुसरं काय.

गुरुवारी सकाळी सर म्हणाले, एकदा मिथेन बंद ठेवून चालवून बघ, समिती विचारेलच. मी झडप बंद केली, नुसता आर्गॉन हा निष्क्रिय वायू सोडला. तासाभराने बाटलीतला नमुना तपासणीच्या यंत्रात घातला, तर पडद्यावरच्या आलेखात मिथेनॉलचा सुळका उभा. रोजच्याइतकाच उंच.

मिथेनच नाही, तर हे आलं कुठून? डोकं फिरलं माझं. जोड तपासले, नळ्या बदलल्या, दाणेसुद्धा नवे भरले. सुळका आपला जिथल्या तिथे. वैतागून हात धुवायला गेले, तर काचसामान सांभाळणारे आमचे मामा पुढची बाटली विसळत होते. हातातल्या पिचकारीवर ठळक लिहिलेलं, मिथेनॉल.

काखेत कळसा नि गावाला वळसा. मग मी मामांवर जे तोंड सोडलं, त्याची अजून लाज वाटते. महिन्याच्या कामाची माती केलीत, एवढीही अक्कल नाही का, काय काय बोलले. मामांनी सगळं ऐकून घेतलं, हात पुसले आणि बेसिनवर चिकटवलेल्या कागदाकडे बोट केलं.

"ताई, हे तुम्हीच लावलंय."

अक्षर माझंच. ॲसिटोनचे डाग राहतात, शेवटी मिथेनॉलने विसळा. खाली तारीख, गेल्या महिन्याची. आपलेच दात नि आपलेच ओठ.

मामांची माफी मागितली. भट्टीत वाळवलेली बाटली लावून, मिथेन सोडून पुन्हा चालवलं आणि निकाल सरांपुढे ठेवला. शून्य. सरांनी समितीसाठीच्या कागदावरचा आकडा खोडला.

बाहेर आले तर आईचा फोन. मावशीलाही सांगून झालं होतं तिचं.

"पक्की झाली ना गं?"

"नाही गं," मी म्हणाले. "मीच घालवली."