भोपळ्याच्या फुलावर कोण येतं?

शुभदा देवस्थळी बंगळुरातल्या व्हाइटफील्डमधल्या एका शाळेत पाचवीला परिसर अभ्यास शिकवायची. नवऱ्याच्या नोकरीमुळे पुण्याहून इथं येऊन तिला चार वर्षं झाली होती. शाळेमागची मुलांची बाग तिच्याकडे होती. सारखं कापलेलं कुंपण, गुळगुळीत हिरवळ, वाफ्यात एक वाळकं पान नाही. पाहुणे आले की मुख्याध्यापक कृष्णमूर्ती त्यांना आधी बाग दाखवत.

त्या वर्षी मुलांनी भोपळ्याचे वेल लावले. वेल पसरले, रोज सकाळी पिवळीधमक फुलं उमलू लागली, पण भोपळा धरेना. काही फुलांमागे सुपारीएवढी हिरवी गाठ दिसायची आणि चार दिवसांत पिवळी पडून गळायची. मुलांनी शेणखत घातलं, पाणी वाढवलं, मग कमी केलं. काही उपयोग झाला नाही. कृष्णमूर्तींनी शेवटी सांगून टाकलं, की महिन्याभरात काही धरलं नाही तर वाफे काढून तिथं प्लॅस्टिकची हिरवळ अंथरू. देखभालीचा त्रास तरी संपेल.

वर्गातल्या रक्षिताला ते पटेना. वेल आजारी असता तर फुलं आली असती का, असं तिनं विचारलं.

शुभदानं शहराच्या दुसऱ्या टोकाला, मल्लेश्वरमला राहणाऱ्या ओळखीच्या शारदाबाईंना फोन केला. त्या जीवशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका. त्यांच्या घराण्याच्या तीन पिढ्या बंगळुरात गेलेल्या, त्यामुळे मराठीत कन्नड सहज मिसळायचं आणि सगळे त्यांना अक्का म्हणायचे. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि उलट विचारलं, “सकाळी फुलावर कोण कोण येतं?”

शुभदानं ते कधी पाहिलंच नव्हतं.

“मग आधी ते बघ. अर्धा तास बसायचं, हलायचं नाही. मी पण माझ्या परसात बसते.”

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधी मुलं वह्या घेऊन वेलापाशी बसली. अर्ध्या तासात रक्षिताच्या वहीत एवढंच होतं: मुंग्या दोन. तिकडे मल्लेश्वरमला एकाच वेलावर तेवीस मधमाश्या, चार काळे भुंगे आणि चिमुकल्या काळ्या माश्या इतक्या, की अक्कांना मोजता आल्या नाहीत.

आता मुलांना राहवेना. कुणी म्हणालं, उंच इमारतींमुळे माश्यांना वाट सापडत नसेल. कुणाला रहदारीचा संशय आला. शुभदा त्यांना घेऊन रस्त्यापलीकडच्या रिकाम्या प्लॉटवर गेली. कमरेएवढं रान माजलेलं, आणि त्यातल्या बारक्या पांढऱ्या फुलांवर मधमाश्या घोंगावत होत्या. रक्षिता बराच वेळ बघत राहिली.

“मिस, या इथं आहेत. मग रस्ता ओलांडून आपल्याकडे का येत नाहीत?”

शुभदाच्या लक्षात आलं. आदल्या वर्षी बागेत एका मुलीला मधमाशी चावली होती. तिचे वडील विनोदकुमार तावातावानं शाळेत आले होते. त्यानंतर दर शनिवारी बागेत कीटकनाशकाची फवारणी सुरू झाली. ती शुभदानंच सुरू केली होती.

त्या शनिवारी तिनं फवारणी थांबवली आणि अक्का मेट्रोनं शाळेत आल्या. त्यांनी पानं उलटून पाहिली, माती चिमटीत घेतली. मग एक फूल खुडून मुलांना त्यातला पिवळा पराग दाखवला. हे नराचं फूल, गाठ असलेलं मादीचं. पराग इथून तिथं पोचला तरच भोपळा धरतो, आणि तो पोचवायला कुणीतरी यावं लागतं. त्यांनी स्वतःच्या हातानं तो पराग मादीच्या फुलाला लावला आणि म्हणाल्या, “आज मी केलं. रोज कोण करणार?”

मुलं पांगल्यावर शुभदानं त्यांना फवारणीचं सांगितलं. “अक्का, मी घाबरले होते.”

“भीती खोटी नव्हती. पण एक माशी चावली म्हणून तू सगळ्यांना हाकललंस. मुलांना सांगितलंस?”

“नाही.”

“मग सांग. स्वल्प कठीण आहे, पण खरा धडा तोच.”

सोमवारी शुभदानं वर्गाला सगळं सांगितलं. रक्षितानं विचारलं, “तुम्हाला माहीत नव्हतं?”

“मी कुणाला विचारलंच नव्हतं,” शुभदा म्हणाली. “तुमच्यासारखं बसून पाहिलंही नव्हतं.”

पालकसभेत विनोदकुमारांनी पहिला प्रश्न विचारला, की पुन्हा कुणाला चावली तर? शुभदानं दोन्ही बागांची मोजणी समोर ठेवली. माशी जवळ आली तर हात न झाडता कसं थांबायचं, हे त्यांच्याच मुलीनं उभं राहून दाखवलं. तेव्हा ते म्हणाले, “सरी, ठीक आहे. करून बघा.” कृष्णमूर्तींनीही प्लॅस्टिकची हिरवळ लांबणीवर टाकली.

मुलांनी एका कोपऱ्यातलं गवत वाढू दिलं, तुळस आणि सब्जा लावला, वाळकी पानं तिथंच राहू दिली. पहिला आठवडा कुणीच आलं नाही. दुसऱ्यात एक भुंगा आला आणि निघून गेला. पाचव्या आठवड्यात रक्षितानं अकरा मधमाश्या मोजल्या. पुढं कुणी हातानं पराग न लावता वेलावर तीन भोपळे धरले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सुट्टीत मुलं बागेत येऊन पानं उलटू लागली आणि कृष्णमूर्ती पाहुण्यांना तो अस्ताव्यस्त कोपरा दाखवू लागले.

आपण शहरातली माणसं बाग म्हणजे दिवाणखाना समजतो; जे वळवळेल, गुणगुणेल त्याला बाहेर काढतो. पण किडामुंगीला जागा नसलेली बाग म्हणजे नुसती शोभा, तिला फळ धरत नाही. मुलांना झाडं लावायला शिकवतो, तसं झाडावर कोण येतं ते थांबून बघायलाही शिकवू या. आणि हातातला फवारा उचलण्याआधी, इथं कोण राहतं, एवढं तरी विचारू या.