वस्तादांनी केलेला जोड

नर्सबाईंची गाडी वयस्कर, पण दांडगी. घरोघरची बाळंतपणं करायला त्या तीच घेऊन फिरायच्या. एका सकाळी त्यांनी ती वायरमनच्या शेडमध्ये आणून उभी केली.

"दिवे लावले की दहा मिनिटांत जळका वास येतो," त्या म्हणाल्या. "काल तर डॅशबोर्डखालून धूर निघाला. खिडक्या उघडून जीव मुठीत धरून आले."

वायरमननं दिवे लावून मीटर धरलं. बॅटरीपाशी बारा व्होल्ट, पुढच्या दिव्यापाशी जेमतेम दहा. वाटेत दोन व्होल्ट कुठंतरी मुरत होते आणि जिथं मुरत होते तिथंच वायर तापत असणार. तो डॅशबोर्डखाली उताणा शिरला आणि चाचपत गेला. स्विच कोमट, त्यापुढची वायर गार, आणि स्टिअरिंगमागं एक जोड असा, की चटकन बोट मागं घ्यावं लागलं. शेजारच्या वायरींचं प्लास्टिक वितळून एकमेकांना चिकटलं होतं.

टेप सोडली तर आत तांब्याच्या तारांना नुसता पीळ. जोड पक्का करायला वितळलेल्या कथलाचा डाग दिला होता, पण तो तारांवर नव्हताच; बोटभर बाजूला, प्लास्टिकवर थिजलेला. शिवाय पंधरा अँपिअरचा फ्यूज हवा तिथं तिसाचा. तारा एकमेकींना भिडल्या असत्या, तरी तो वेळेवर उडाला नसता.

कोण हा बेअक्कल, असं तो म्हणणारच होता, तेवढ्यात टेपखालचा दोरा दिसला. मेणाचा दोरा, सात वेढे, गाठ आत वळवलेली. तशी गाठ दोघंच मारत. एक तो स्वतः, आणि दुसरे त्याला ती शिकवणारे वस्ताद.

"हे कुणाकडून करून घेतलं होतंत?"

नर्सबाई घुटमळल्या. "वस्तादांकडून. दोन महिने झाले. तुम्ही त्यांच्याच हाताखालचे, म्हणून बोलले नाही."

वायरी बदलून त्यानं गाडी दिली. दुपारी तो वस्तादांच्या दुकानात गेला. त्यांची बायको, म्हणजे काकू, डबा घेऊन आल्या होत्या.

"आज वाट चुकलास वाटतं?" वस्ताद म्हणाले.

त्यानं गाडीतून काढलेला फ्यूज त्यांच्या तळहातावर ठेवला. "वस्ताद, हा कितीचा?"

त्यांनी तो डोळ्यांशी नेला, उजेडाकडे धरला. "पंधराचा. निळा दिसत नाही का तुला?"

फ्यूज हिरवा होता. तिसाचा. वायरमननं तो त्यांच्या हातातून हळूच परत घेतला, आणि तेवढ्यावरूनच वस्तादांना काय ते कळलं.

"कुणाची गाडी?"

"नर्सबाईंची. त्या सुखरूप आहेत."

"वर्षभर कानीकपाळी ओरडतेय मी, डोळे दाखवा म्हणून," काकू हळूच म्हणाल्या. "हात शाबूत आहेत तोवर काय अडतंय, म्हणतात."

वस्तादांनी डबा बाजूला सारला. मग वर्षभरात हात लावलेल्या गाड्या त्यांनी एकेक करून सांगितल्या. एकोणीस.

पुढचे चार दिवस दोघं त्या गाड्या शोधत हिंडले. वायरमन खाली शिरायचा, वस्ताद सीटवर बसून राहायचे. सहा गाड्यांत तसाच बाजूला पडलेला डाग निघाला. प्रत्येक मालकाला वस्ताद स्वतः सांगत, "चूक माझी आहे."

बेकरीवाला म्हणाला, "मग या वयात कशाला करता हो? माझी पोरं बसतात यात."

वस्तादांनी मान खाली घातली. वायरमन पुन्हा डॅशबोर्डखाली शिरला.

एकोणिसावी गाडी सापडलीच नाही. मालक ती विकून परगावी गेला होता, आणि घेणारा कोण ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू असता तर काढला असता. ही डोळ्यामागची नसच सुकत चालली आहे. वस्तादांनी दुकान बंद केलं.

आता वायरमन आठवड्यातून दोनदा त्यांच्या घरी जातो. वस्ताद हवापाण्याचं बोलतात, काकूंच्या गुडघ्यांचं बोलतात. रस्त्यावरून एखादी जुनी गाडी गेली की मध्येच थांबतात.

"तीच नव्हे ना रे?" विचारतात.

वायरमन खिडकीशी जाऊन बघतो आणि नाही म्हणतो.